सकाळचा पहिला स्टार्टर

श्रोतेहो, पनवेलच्या पावसात रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच चिरका आवाज आला, तर आधी बेल्टकडे पाहा. ओला, सैल किंवा झिजलेला बेल्ट पुलीवर घसरतो. नुसत्या ओलीचा आवाज थोड्या वेळात थांबतो. रोज येत असेल तर बेल्ट तपासून घ्या.

टकटक मात्र कान देऊन ऐकावी. रात्रीत ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, टॅपेटपर्यंत पुन्हा चढायला त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात थांबलेली टकटक सहसा साधी. लांबली, तर इंजिन बंद करा, गाडी सपाटीवर ठेवून डिपस्टिकने ऑइल बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं असेल तरीही टकटक येते, आणि धातू तापून प्रसरण पावला की फट बुजून ती गायब होते. म्हणून तपासणीसाठी गाडी आदल्या रात्रीच मेकॅनिकच्या गॅरेजात ठेवावी, म्हणजे त्याला थंड इंजिनाचा आवाज ऐकता येईल, हे माझं आग्रहाचं सांगणं. गरम इंजिनात असा दोष सहज निसटतो.

खोल ठकठक इंजिन तापल्यावर वाढली किंवा ऑइलचा लाल दिवा विझला नाही, तर बोरघाटाच्या चढाला गाडी नेऊच नका. टोइंग मागवा.