पत्त्यांचे जादूगार आणि जुने ग्रंथ

कडेगांवचे मोहरमांतील उंच ताबूत ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ते बांधण्याची रीत ऐकून नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. कळक आणि कागद यांचे हे मनोरे आधीं कळस व मग पाया अशा उलट क्रमानें उभे राहतात. ही विद्या एका पिढीच्या हातांतून दुसरीच्या हातांत येते. तिच्यासाठीं कोणी ग्रंथ उघडून बसत नाहीं. मग पत्त्यांचे खेळ करणाऱ्या जादूगारानें तरी हातचलाखीवरील जुने ग्रंथ कां अभ्यासावेत, असा प्रश्न कोणी केला, तर तो अगदींच अवास्तव म्हणतां येणार नाहीं.

परंतु, श्रोतेहो, या दोन विद्यांत एक मोठा भेद आहे. ताबुताची गांठ उघड्यावर बांधली जाते. ती सैल पडली तर जवळच्या जाणत्या माणसाला दिसते, आणि तो तेथल्या तेथें ती सुधारून घेतो. पत्त्यांच्या जादूगाराचें सारें कौशल्य मात्र आपली कृति दिसूं न देण्यांत असतें. अशी कला नुसती पाहून येत नाहीं. गुरु तरी हवा, नाहीं तर ग्रंथ. मदाऱ्याला गुरु घरांतच मिळतो. वाट्या व गोळ्यांचा खेळ बापाकडून मुलाकडे जातो. ५२ पानांच्या कॅटची हातचलाखी मात्र युरोप-अमेरिकेंत वाढली, आणि तिचा बराच मोठा भाग छापील पानांतूनच पुढें आला. फ्रान्समधील रोबेर-उदँ यानें १८६८ सालीं आपली विद्या ग्रंथरूप केली. लंडनचा एक बॅरिस्टर ‘प्रोफेसर हॉफमन’ या नांवानें लिहीत असे. त्याचें ‘मॉडर्न मॅजिक’ १८७६ सालीं निघालें.

या सर्वांत अधिक आदर पावलेला ग्रंथ मात्र मुख्यतः जादूगारांकरितां लिहिलेलाच नव्हे. १९०२ सालीं शिकागो येथें ‘द एक्सपर्ट ॲट द कार्ड टेबल’ प्रसिद्ध झाला. लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस; हें टोपणनांव, आणि त्यामागचा मनुष्य कोण याचा निर्विवाद उलगडा अद्याप झालेला नाहीं. ग्रंथाचा मोठा भाग जुगाराच्या टेबलावरील लबाडीला वाहिलेला आहे. पिसतांना हवीं तीं पानें जागेवर कशीं राखावीं, तळचें पान वरचें म्हणून कसें वाटावें, कापलेला कॅट गुपचूप पूर्ववत् कसा करावा, हें सारें त्यांत आहे. एखाद्या सोवळ्या वाचकाला तें रुचणार नाहीं. पण डोळ्यांत तेल घालून बसलेल्या जुगाऱ्यांसमोर जें खपतें, तें प्रेक्षकांसमोर खपण्यास अडचण ती कोणती?

कॅनडांत जन्मलेला जादूगार डाय व्हर्नन (१८९४–१९९२) यानें हा ग्रंथ लहानपणींच आत्मसात् केला आणि आयुष्यभर त्यावर चिंतन केलें. गंमत अशी कीं, कॅटच्या मधोमध असलेलें पान वाटणारा कोणी जुगारी आहे असें एका कैद्याकडून कळतांच, हाच व्हर्नन १९३२ सालीं त्या माणसाचा शोध घेत मिसूरी राज्यांतील एका लहानशा गांवीं पोंचला. ग्रंथ पुरेसा असता तर ही पायपीट कशाला? पण ज्यानें ग्रंथ पचविला नव्हता, त्याला त्या बातमीचें मोल तरी कळलें असतें काय?

रंगमंचावरील जादूची गोष्ट निराळी. पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांनीं देशोदेशीं हजारों प्रयोग केले. अशा प्रयोगांत साहित्य, साथीदार, प्रकाश, बोलणें अशीं अनेक अंगें असतात; पत्ता तळहातांत लपविण्याच्या बारकाव्यांवांचून तेथें अडत नाहीं.

कडेगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं पत्ते हातांत घेणाऱ्या तरुणाची अडचण शहरांतल्यापेक्षां बिकट असते. मुंबईच्या जादूगाराला दर प्रयोगाला नवे चेहरे भेटतात. येथें शाळेच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवांत आणि लग्नघरीं पुन्हां तीच मंडळी समोर. एकच पान एकाच युक्तीनें चौथ्यांदा काढलें कीं पांचवींतला मुलगाहि ‘तळाला आहे!’ म्हणून ओरडतो, आणि मग जादूचें नुसतें नांव निघालें तरी गांव हंसतो. या तरुणाला एका खेळासाठीं चार निरनिराळ्या रीती ठाऊक असाव्या लागतात. मोबाईलवरील चलच्चित्रांत खेळ पुष्कळ. पण तेथें बहुधा एका खेळाची एकच रीत कळते, आणि दाखविणाऱ्याच्या लकबीहि नकळत उचलल्या जातात. चांगल्या ग्रंथांत बोटांची कृति तिच्या कारणासह सांगितलेली असते. ती आपल्या हाताला जुळवून घेण्याचें काम वाचणाऱ्याचें.

खरी अडचण भाषेची. अर्डनेसचें लेखन इंग्रजी जाणणाऱ्यांनाहि जड जातें, तेव्हां आरंभ त्यापासूनच करणें हा अट्टाहास होय. ह्यूगार्ड व ब्राऊ यांचें १९४८ चें ‘द रॉयल रोड टु कार्ड मॅजिक’ अधिक सोयीचें. त्यांत आधीं एक कृति आणि लगेच तिच्यावर उभे राहणारे खेळ असा क्रम आहे. हायस्कुलांतील इंग्रजीच्या मास्तरांनीं आठवड्याला दोन पानें समजावून दिलीं, तरी पुष्कळ काम होईल. पत्ते मात्र त्या वेळीं विद्यार्थ्याच्या हातांत हवेत, पेटींत नव्हेत. पहिलें प्रकरण साध्या पिसण्याचें आहे. त्यावर दोन महिने गेले तरी घाई करूं नये.