दहा मिनिटे, लेखणी न थांबवता

(जालना येथे शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शिक्षणाचा प्रश्न निघाला की आपण अनुदान, शुल्क, रिक्त पदे आणि खासगीकरण यांवर बोलतो. ते आवश्यकच आहे. परंतु वर्गाचे दार लागल्यानंतर आत काय चालते, याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. आत बहुधा एकच गोष्ट चालते : एक जण सांगतो आणि बाकीचे उतरवून घेतात. मी अर्थशास्त्र शिकवीत असे. मागणीचा नियम विचारला तर मुले तो स्वल्पविरामासकट म्हणून दाखवीत. पण मोसंबी झाडावर असतानाच शेतकरी बाग व्यापाऱ्याला कमी भावात उक्ती का देऊन टाकतो, असे विचारले की सारा वर्ग गप्प. ज्याच्या घरी बाग होती, तोही गप्प!

तेव्हा मी एक साधा प्रयोग सुरू केला. व्याख्यानापूर्वी फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, घड्याळ समोर ठेवायचे आणि प्रत्येकाने दहा मिनिटे लिहीत राहायचे. थांबायचे नाही, खोडायचे नाही, मागचे वाचायचे नाही. सुचेनासे झाले तर ‘सुचत नाही’ असेच लिहायचे. हात मात्र चालू ठेवायचा. घरची बोली चालेल. गुण नाहीत, तपासणी नाही. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेतील पीटर एल्बो या अध्यापकाने १९७३ साली ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात ती मांडली. हार्वर्डमधील त्याचा स्वतःचा अभ्यास लिहिता न आल्यामुळेच अर्धवट राहिला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पहिले काही दिवस ‘सुचत नाही’ने पाने भरली. पुढे एकाने लिहिले की, उन्हाळ्यात बाग जगवायला टँकरच्या पाण्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती, म्हणून भाव फळ धरण्याआधीच ठरला होता. पाठ्यपुस्तकात कर्ज एका प्रकरणात असते आणि बाजारभाव दुसऱ्या. या मुलाने चार ओळींत दोहोंची गाठ घातली. त्या दिवशीचे माझे व्याख्यान तेथून सुरू झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तेव्हा हा विषय कोणाला परका नाही.

हे घडते कसे? लिहिणे आणि तपासणे ही दोन कामे आहेत. ती एकाच वेळी करू गेल्यास पहिले अडते. सुशिक्षित घरातील मुलाच्या मनातला तपासनीस सौम्य असतो. शेतमजुराच्या मुलाच्या मनात तो छडी घेऊन बसलेला असतो. ‘न’ की ‘ण’, ‘मी जात आहे’ की ‘मी जायलो’, या शंकेतच त्याचे वाक्य मरते. घड्याळाची घाई या तपासनिसाला दहा मिनिटे वर्गाबाहेर काढते.

म्हणजे शुद्धलेखन नको काय? असा आक्षेप येतोच, आणि तो घेणारे सारेच प्रतिगामी नसतात. प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे. तहसीलदाराकडचा अर्ज बोलीत चालत नाही, आणि गरिबाच्या मुलाला ती भाषा नाकारणे ही फसवणूकच होय. परंतु दुरुस्तीसाठी आधी काही लिहिलेले असावे लागते. ती दुसऱ्या खर्ड्यात करावी. तसेच या उपायाकडून भलत्या अपेक्षा नकोत. मागणीची लवचिकता शिक्षकानेच समजावून द्यावी लागते, ती दहा मिनिटांत कोणाला स्फुरत नाही.

१८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातील किशोरवयीन मुलगी. आम्हांला वेदांचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न. तो निबंध काही घड्याळ लावून लिहिलेला नव्हता. पण जिने नुकतीच अक्षरे गिरवली तिने आपल्याच लोकांविषयी लिहावे, ही मोकळीक त्या शाळेत होती. आज किती शाळांत आहे?

मंठा-घनसावंगीकडे ऊसतोडीचे हंगाम सुरू झाले की आईबाप कोयते घेऊन निघतात. मागे राहिलेली मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी असतात. तेथे संध्याकाळी जाणाऱ्या कार्यकर्त्याला कागद, पेन्सिली आणि एक घड्याळ एवढेच लागेल. मात्र एक पथ्य कडकपणे पाळा. मूल बापाच्या दारूबद्दल लिहील, मुकादमाच्या उचलीबद्दल लिहील, पाणवठ्यावर काय ऐकावे लागले तेही लिहील. तो मजकूर आपल्या अहवालात किंवा सभेत वापरण्याचा मोह होईल. वापरू नका. वाचून दाखवायचे की नाही ते मुलाने ठरवावे, आणि कागद त्याच्याच दप्तरात जावा. ज्यांना अजून जोडाक्षरे येत नाहीत त्यांनी सांगावे, मोठ्या मुलांनी लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे शब्द मात्र बदलू नयेत.