नीरेकाठी आपले स्वागत



साखरेचा जागतिक व्यापार आणि आयात-धोरण यांचा विचार करणाऱ्या या परिषदेसाठी आपण फलटण निवडलेत, याचा आम्हा गावकऱ्यांना अभिमान वाटतो. हे गाव निंबाळकरांचे. शिवछत्रपतींच्या राणीसाहेब सईबाई या इथल्या लेक. महानुभाव पंथीय या गावाला दक्षिण काशी मानतात. मार्गशीर्षात श्रीरामाचा रथ निघतो तेव्हा पंचक्रोशी इथे लोटते, आणि आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते.

पण मला बोलायचे आहे ते पाडेगावविषयी. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडते आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते, ते हे पाडेगाव. तिथले मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे. त्याच साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि जावाच्या साखरेवर जबर जकात बसली. तोवर देशात तीसेक कारखाने होते. चार-पाच वर्षांत ते शंभरावर गेले. आमच्या साखरवाडीचा कारखाना त्याच काळातला. गावाला नावच साखरेचे पडले.

जकातीने परदेशी साखर अडते, पण रान सुधारत नाही. १९२८ साली भाटघरचे धरण पुरे झाले, कालव्याला पाणी खेळू लागले आणि मागोमाग जमिनी चोपण होऊ लागल्या. या दुखण्याचे मूळ शोधणाऱ्यांपैकी जे. के. बसू हे नाव आज फलटणमध्येसुद्धा कुणाच्या तोंडी नाही. बसू आणि त्यांचे सहकारी सिरूर यांनी नीरा उजव्या कालव्याखालच्या आणि प्रवरेच्या जमिनी थराथराने तपासल्या, त्यांची प्रतवारी लावली आणि १९३८ साली ती प्रसिद्ध केली. कुठे पाणी झिरपते आणि कुठे तुंबते, हे शास्त्राने सांगणारी माणसे या गावाच्या उंबऱ्यावर राहत होती. गावातल्या एका रस्त्याला बसूंचे नाव द्यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. आज ती जाहीर बोलून दाखवतो.

पाडेगावने पारखून दिलेला ७४० हा उसाचा वाण पुढे राज्यभर गेला. २००७ साली २६५ आला. साखरेच्या उताऱ्याला कमी म्हणून कारखान्यांनी त्याला आधी नाके मुरडली, पण चोपण रानातही तो तगतो, टनेज देतो, म्हणून शेतकऱ्याने तो सोडला नाही.

परिषदेच्या विषयात आपण अधिकारी आहात. जगाच्या निर्यातीतली निम्म्याच्या आसपास साखर आज एकटा ब्राझील पाठवतो. आपण २०२१-२२ च्या हंगामात सुमारे ११० लाख टन बाहेर पाठवली आणि लगेच निर्यातीला लगाम घातला. आयात साखरेवर २०१८ पासून शंभर टक्के शुल्क आहे. ते किती असावे, हे आपण ठरवा. शुल्काचा विचार करताना संशोधनावर होणाऱ्या खर्चाचाही एक रकाना ठेवा, एवढी माझी आग्रहाची विनंती. संरक्षणाच्या काळात आपण बेणे आणि जमीन सुधारली नाही, तर ब्राझीलच्या भावाला आपली साखर भिडणार कशी?

आता व्यवस्थेविषयी. सर्वांची सोय एका ठिकाणी होऊ शकली नाही. वसतिगृह, दोन मंगल कार्यालये आणि लक्ष्मीनगरातली घरे अशी ती विखुरली आहे, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. गरम पाणी सकाळी सहा ते आठच मिळेल. मंडपात मागे आवाज नीट पोचत नव्हता. रात्री जादा कर्णे बसवले आहेत, तरी अडचण आल्यास कार्यकर्त्यांना हाक मारा. वयस्कर पाहुण्यांसाठी खुर्च्या पुढे राखल्या आहेत.

शिधा मार्केट यार्डातल्या अडत्यांनी दिला, गुळाच्या ढेपा गुऱ्हाळवाल्यांनी, दूध गवळ्यांनी. भाकऱ्या बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून थापत आहेत. मंडपाचा खर्च एका दात्याने नाव न सांगण्याच्या अटीवर उचलला. शाळांनी बाकडी दिली, ट्रॅक्टरवाल्यांनी ती वाहिली आणि भाड्याचा रुपयाही घेतला नाही. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे.

पाडेगावला जाणाऱ्या गाड्या उद्या सकाळी सात वाजता राजवाड्यासमोरून सुटतील. नावे आज संध्याकाळपर्यंत स्वागत कक्षात द्यावीत, म्हणजे नाश्त्याचा अंदाज येईल. समस्त फलटणकरांच्या वतीने मी आपले स्वागत करतो आणि अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रे स्वीकारण्याची विनंती करतो.