शब्दांचा क्रम आणि इंग्रजीतील संख्या
(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आले. शब्दांचे पाठांतर आपली मुले उत्तम करतात. अडखळतात ती शब्दांच्या क्रमापाशी. त्यातही संख्या, प्रमाण आणि 'सर्वांत' या अर्थाचे शब्द एकत्र आले, की हुशार विद्यार्थ्याचीही त्रेधा उडते.

प्रथम आपण मराठीकडेच पाहू. 'पहिली तीन मुले' म्हटले म्हणजे एकाच वर्गातील पहिले तीन क्रमांक डोळ्यांपुढे येतात. 'तीन पहिली मुले' म्हटले, तर तीन निरनिराळ्या वर्गांत पहिली आलेली मुले, असाही अर्थ निघतो. इंग्रजीत 'द फर्स्ट थ्री' व 'द थ्री फर्स्ट' यांत हाच भेद करता येतो. यांतील शुद्ध कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणकारांत वाद माजला होता. आज सामान्यतः 'द फर्स्ट थ्री' हाच क्रम रूढ आहे.

आता आपल्या मुलांची नेहमीची चूक घेऊ. 'आणखी पाच आंबे' याचे इंग्रजी मूल 'मोर फाइव्ह मँगोज' असे करते. त्यावर नुसती लाल रेघ मारणे मला पसंत नाही, कारण मुलाने आपल्या भाषेतील क्रम इमानाने पाळलेला असतो. इंग्रजीत 'फाइव्ह मोर' म्हणजे आणखी पाच, आणि 'मोर दॅन फाइव्ह' म्हणजे पाचांहून अधिक, निदान सहा तरी. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. निरक्षर आजीच्या औषधाच्या पाकिटावर 'नॉट मोर दॅन टू' असे छापलेले असते, आणि ते वाचून सांगणारे घरात आपल्या शाळेतले मूलच असते. त्याने 'मोर' आणि 'टू' एवढेच शब्द ओळखून 'आणखी दोन घे' असे सांगितले तर?

'मोर' या शब्दाची दुसरी खोडी अशी की, 'आणखी' व 'अधिक' ही दोन्ही कामे तो एकटाच करतो. 'मोर युसफुल बुक्स' म्हणजे उपयुक्त पुस्तके आणखी हवीत, की आहेत त्यांहून अधिक उपयुक्त हवीत? ग्रंथालयाच्या मागणीपत्रात असे लिहिले, तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. 'मोर बुक्स' एकत्र ठेवून 'दॅट आर युसफुल' पुढे जोडले, की संशय फिटतो.

'मोस्ट'चेही असेच आहे. 'मोस्ट बॉइज' म्हणजे बहुतेक मुलगे. 'द मोस्ट रन्स' म्हणजे सर्वांत अधिक धावा. 'अ मोस्ट युसफुल बुक' म्हणजे केवळ फार उपयुक्त पुस्तक. मराठीत आपण 'सर्वांत' हा शब्द आधी ठेवून भागवतो; संस्कृतातील 'तम' प्रत्यय आपल्याला लसाविमधील 'लघुतम'मुळे परिचित आहे. इंग्रजीत प्रत्ययही आहे आणि स्वतंत्र शब्दही. म्हणून मुले दोन्ही एकदम लावून 'मोस्ट टॉलेस्ट' लिहितात.

नकाराच्या बाबतीत मराठीही निर्दोष नाही. 'सगळे मुलगे आले नाहीत' म्हणजे कोणीच आले नाहीत, की काही आले? 'नॉट ऑल द बॉइज केम' असा नकार आरंभी ठेवल्यास काही आले, हे स्पष्ट होते. 'ऑल द बॉइज डिड नॉट कम' यात मात्र मराठीसारखाच संशय उरतो.

वर्गात यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या पुरेत. एकेका पट्टीवर एकेक शब्द लिहून त्या मुलांच्या हाती द्याव्यात, मुलांना जागा बदलून उभे राहण्यास सांगावे, आणि प्रत्येक वेळी टेबलावर किती चिंचोके ठेवायचे ते उरलेल्या वर्गाला विचारावे.