वय, सवयी आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मला दिलेला विषय ऐकावयास जड आहे. निरनिराळ्या वयांतील माणसांच्या आरोग्याच्या सवयी आणि लोकसंख्येचे स्वरूप यांवर जे संशोधन होते, त्याविषयी बोलावे असे अध्यक्षसाहेबांनी सुचविले. मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. वर्गात इतिहास-भूगोल शिकविणारा आणि जनरल रजिस्टर भरणारा शिक्षक आहे. तेव्हा रजिस्टरापासूनच सुरुवात करतो.

कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहा. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून ही तारीख पुन्हा पुन्हा भेटेल. जणू अर्धे गाव त्याच दिवशी जन्मले! कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये उघडत. वडील मुलाचा हात धरून येत आणि 'मोठा पूर आला त्या साली झाला' एवढेच सांगत. मग गुरुजी मुलगा पहिलीत बसेल असा हिशेब करून 1 जून लिहून मोकळे होत. यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. जनगणनेतही हाच प्रकार. घरातल्या वडीलधाऱ्यांचे वय विचारले की उत्तर येते, 'असतील चाळीस-पंचेचाळीस'. त्यामुळे आपल्या देशाच्या जनगणनेच्या तक्त्यात तीस, पस्तीस, चाळीस या वयांची माणसे भरमसाट दिसतात आणि एकतीस, एकोणचाळीस वयांची कमी. अल्लाने माणसे काही पाच-पाचच्या टप्प्याने जन्माला घातलेली नाहीत. ही चूक मोजण्याचे आणि दुरुस्त करण्याचे एक स्वतंत्र गणितच लोकसंख्याशास्त्रज्ञांना तयार करावे लागले.

वयाचे एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की आरोग्याच्या बाबतीत खाते एका वयात उघडते आणि हिशेब दुसऱ्याच वयात चुकता होतो. दहाव्या वर्षी लागलेली सवय पन्नासाव्या वर्षी दवाखान्यात नेते. हे दुवे एका घराला दिसत नाहीत. हजारो घरांची उत्तरे वयानुसार मांडली म्हणजे दिसू लागतात.

अशी मांडणी दोन रीतींनी होते. एक रीत छायाचित्रासारखी. एकाच काळात लाखो घरी जावयाचे आणि लहान, तरुण, वृद्ध सर्वांची माहिती घ्यावयाची. मुंबईत देवनार येथे 1956 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या देखरेखीखाली 1992-93 पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होत आली आहे. 2019-21 च्या पाचव्या पाहणीत सहा लाख छत्तीस हजारांहून अधिक घरे आणि सात लाख चोवीस हजार स्त्रिया होत्या. दुसरी रीत म्हणजे त्याच माणसांच्या सोबतीने वर्षानुवर्षे चालणे. आपण शिक्षक एका तुकडीला पाचवीपासून दहावीपर्यंत पाहतो ना, तसेच.

आता मुलांकडे वळतो. 2016 ते 2018 या काळात एक वर्ष ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या रक्ताची देशभर तपासणी झाली. रक्तक्षय, ज्याला आपण 'अंगात रक्त नाही' म्हणतो, तो एक ते चार वर्षांच्या बालकांत 41 टक्के आढळला. पाच ते नऊ वयात तो 24 टक्क्यांवर उतरला. म्हणजे शाळेत येईपर्यंत मूल सावरते. पण दहा ते एकोणीस या वयात तो पुन्हा चढून 28 टक्के होतो, आणि येथेच वाटा फुटतात. या वयाच्या मुलांत 18 टक्के, तर मुलींत 40 टक्के. पाच-नऊ वर्षांच्या वयात बरोबरीने पळणारी भावंडे पुढे अशी वेगळी का व्हावीत? मासिक पाळीमुळे मुलीच्या शरीरातील लोह कमी होते आणि वाढीचे वय असल्याने गरज जास्त असते, हे निसर्गाचे कारण. दुसरे कारण आपल्या दस्तरखानावर आहे. आपल्या घरांत गोश्त शिजते, मासळी तर कोकणात रोजचीच. पण बोटी कोणाच्या ताटात पडते आणि रस्सा कोणाच्या, हे प्रत्येक अम्मीने मनाशी तपासून पाहावे. बहुधा मुलगी भाऊ आणि अब्बा जेवल्यावर बसते. शिवाय जेवणाबरोबर कडक चहा. त्या चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. उलट लिंबू, आवळा यांनी मदत होते. ज्ञान काही फार मोठे नाही, परंतु पाळले जात नाही.

यासाठी सरकारी व अनुदानित शाळांत सहावीपासून आठवड्याला एक निळी गोळी देण्याची योजना आहे. तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, शौचाचा रंग काळा होतो, आणि तेवढ्यावरून घरी बोभाटा होतो. मग गोळी दप्तरात किंवा खिडकीबाहेर जाते. या गोळीने पुढे मूल होत नाही अशी कुजबुजही कानावर येते. बंधुभगिनींनो, तिच्यात तसे काहीही नाही. लोह कमी असलेल्या मुलीलाच पुढे बाळंतपणात धोका असतो. ज्या भीतीने गोळी टाळतो, तीच आपण ओढवून घेतो.

दुसरी गोष्ट तंबाखूची. येथे सोबतीने चालण्याच्या रीतीचे एक उदाहरण सांगतो. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन इंग्रज संशोधकांनी 1951 साली ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवून विचारले, तुम्ही सिगारेट ओढता का, किती ओढता? डॉक्टर निवडले, कारण त्यांची नावे नोंदवहीत असतात आणि पुढे माग काढणे सोपे जाते. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे पन्नास वर्षे घेतला गेला. 2004 साली जे निष्कर्ष छापले गेले त्यांत असे दिसले की सतत ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. तिसाव्या वर्षाच्या सुमारास ज्यांनी सोडली त्यांची ती दहाही वर्षे जवळजवळ वाचली. चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. येथे बसलेल्या चाचा-मामूंना मी मुद्दाम ही शेवटची संख्या सांगतो. साठीतही तीन वर्षे मिळतात. 'आता काय उरले' हे म्हणणे हिशेबात बसत नाही.

आपल्याकडे सिगारेटपेक्षा गुटखा, मावा, मशेरी यांचे राज्य आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या कोठे मिळतात हे शाळेतील मुले माझ्यापेक्षा नीट सांगतील. 2019 साली देशातील तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. तीत सुमारे साडेआठ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या प्रकारे तंबाखू घेत होती. याहून मला अस्वस्थ करणारी बाब ही की तोंडात धरावयाची तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती वयाच्या दहाव्या वाढदिवसापूर्वी सुरू केली होती. म्हणजे चौथीच्या आत! आपण व्यसनमुक्तीची व्याख्याने नववी-दहावीला ठेवतो. ती पाच वर्षे उशिरा होतात असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एक नाजूक विषय. आपल्या समाजाच्या लोकसंख्येविषयी बाहेर फार बोलले जाते, पण आकडे कोणी पाहत नाही. आपणही पाहत नाही. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील याचे जे माप आहे, ते 1992-93 च्या पाहणीत मुस्लिम स्त्रियांसाठी 4.4 होते. 2019-21 मध्ये ते 2.4 वर आले. याच काळात हिंदू स्त्रियांसाठी ते 3.3 वरून 1.9 झाले. अंतर 1.1 होते, ते 0.5 च्या आसपास उरले. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांत हेच माप 2.8 आणि बारावी वा अधिक शिकलेल्यांत 1.8 आहे. हे सर्व धर्मांच्या स्त्रियांचे मिळून. केरळातील मुस्लिम स्त्रीला बिहारमधील हिंदू स्त्रीपेक्षा कमी मुले होतात. यावरून मजहबपेक्षा शाळा, दवाखाना आणि लग्नाचे वय यांना वजन जास्त दिसते. अर्थात शिकलेली घरे बहुधा बऱ्या परिस्थितीचीही असतात, तेव्हा सारे श्रेय शाळेला देणे हा आम्हा शिक्षकांचा आगाऊपणा ठरेल. तरीही आठवीनंतर मुलीला घरी बसविणाऱ्या पालकांनी एक आकडा ध्यानी घ्यावा. त्याच 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. मघाशी सांगितलेली रक्त कमी असलेली मुलगी आणि ही नवरी पुष्कळदा एकच असते.

वृद्धांविषयी थोडक्यात. 2011 च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. कमावते पुरुष मुंबईला आणि आखातात. मागे घर सांभाळणारी सून आणि औषधाची चिठ्ठी न वाचता येणारी दादी. अशा दादींना पाहणीत रक्तदाबाची गोळी रोज घेता का असे विचारले तर 'चक्कर आली की घेते' हे उत्तर मिळावयाचे. घरात पाचवी-सहावीतली नात असेल तर गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावण्याचे काम तिच्याकडे द्यावे.

2021 ची जनगणना लांबली आणि तिच्या लोकगणनेसाठी सरकारने 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख जाहीर केली. प्रगणक बहुधा आमच्यापैकीच एखादा शिक्षक असतो. 'घरात पुरुष नाही' म्हणून त्याच्यासमोर दार लोटून घेण्याचे कारण नाही. 1948 च्या जनगणना कायद्याने घरोघरची उत्तरे गुप्त ठेवली जातात आणि पुरावा म्हणून ती कोर्टात वापरता येत नाहीत. त्या कायद्यात एक मौजेची सवलतही आहे. रिवाजामुळे पतीचे नाव न घेणाऱ्या स्त्रीवर ते सांगण्याची सक्ती नाही. वयाला मात्र अशी सवलत नाही. तेव्हा घरातील सर्वांचे जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले एका पिशवीत एकत्र ठेवावेत. 1 ऑक्टोबर 2023 पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार आहे. गुरुजींनी 1 जून लिहून देण्याचे दिवस संपले.

माझा वेळ झाला आहे. निळ्या गोळीविषयी ज्यांना शंका असतील त्यांच्यासाठी आरोग्य केंद्राच्या सिस्टर मागच्या रांगेत बसल्या आहेत. भगिनींनी त्यांना निःसंकोच विचारावे, माझ्यापेक्षा त्या नीट सांगतील.