बुडालेल्या गावाचा सातबारा
(जिल्हा मेळाव्यात झालेले भाषण)



तुम्ही पाण्यावाचून उठणारी माणसं, आम्ही पाण्यानं उठवलेली. आमचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी होतं. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्या अकरा वर्षांत काठची गावंच्या गावं उठली. आज तिथं नाथसागर पसरला आहे.

धरण नको होतं, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. छत्रपती संभाजीनगर ते पाणी पितं. डावा कालवा परभणीकडे गेला, उजवा बीडकडे. कुणाची तरी ज्वारी त्यावर पोसली, याचा आम्हाला आनंदच आहे. आम्ही आलोय हिशेब मांडायला.

आमच्या गावाची मोजणी झाली ती सातबारावरून. त्यात जमीन होती, विहीर होती, बांधावरची झाडं होती. नदी मात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. आणि गाव जगत होतं ते निम्मं नदीवर! पाणी ओसरलं की वाळवंटात टरबुजाचे, काकडीचे वेल लागायचे. ते लावणाऱ्या कित्येकांच्या नावावर गुंठाभरही रान नव्हतं. भोयांची जाळी नदीत, जनावरांचं पाणी नदीवर. बहात्तरच्या दुष्काळात वाळूत झिरा उकरला की हंडा भरत होता. नाथषष्ठीला दिंडी निघायची ती काठाकाठानं. या सगळ्याची किंमत किती धरली? शून्य. कारण कागदावर ते नव्हतंच.

जे कागदावर होतं त्याची तरी किंमत आली का? तेव्हा १८९४ चा इंग्रजांचा कायदा होता. भाव धरायचा तो अधिसूचनेच्या तारखेचा, आजूबाजूच्या खरेदीखतांवरून. खरेदीखतात आपण काय लिहितो, हे तुम्हाला ठाऊक आहे. स्टँप वाचवायला हजाराचे पाचशे लिहायचे. तेच पाचशे सरकारनं आपल्यापुढं ठेवले. वर सक्तीनं घेतल्याबद्दल शेकडा पंधरा. घरात रोकड आली, पण तेवढ्यात दुसरीकडे तसली काळी जमीन कोण देणार? महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे धरणाचं उद्घाटन झालं त्याच वर्षी. वरातीमागून घोडं!

नवं गावठाण माळावर मिळालं. माणसं जगली, पोरं शिकली. पण उन्हाळ्यात जलाशय मागं सरकतो, गाळाची जमीन उघडी पडते, आणि तिथं गाळपेर करायला आपल्यातलीच माणसं वर्षापुरता पट्टा मागतात. बापाच्या रानात लेक कूळ म्हणून उभा राहतो, पुढच्या वर्षीची खात्री नाही.

आता हे तुम्हा कापूस-ज्वारीवाल्यांना कशाला सांगायचं? कारण उद्या तुमच्या ओढ्यावर तलावाची मोजणी येईल, रस्त्याची येईल, कारखान्याची येईल. १८९४ चा कायदा गेला. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा कायदा लागू आहे. त्यात संपादनाआधी तीन वर्षं ज्यांची रोजीरोटी त्या जमिनीवर आहे असे शेतमजूर, कुळं, कारागीर हेही बाधित कुटुंब म्हणून धरले आहेत. ही मोठी गोष्ट आहे. पण तीन वर्षं राबलो हे सिद्ध कोण करणार? कागदच करणार.

म्हणून गावागावात एक वही घाला. कुणाच्या रानात किती कापूस निघाला, ज्वारी किती, कडबा किती. गायरानात जनावरं कुणाची चरतात. ओढ्याचं पाणी कोण वापरतं. सालगडी कोण, रोजानं कोण जातं, त्यांची नावं आधी. बायांची नावं वेगळी लिहा, नवऱ्याच्या नावाखाली झाकू नका. ती वही ग्रामसभेत वाचा, ठरावाला जोडा, नक्कल ठेवा. मोजणीवाले आले की बांधावर हजर राहा आणि वाचल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका. आणि खरेदीखतात खरा भाव लिहा. आज वाचवलेला स्टँप उद्या शेजाऱ्याचं रान मातीमोल करतो.

आमच्या नदीचा सातबारा कुणी लिहिला नाही. तुमच्या ओढ्याचा, गायरानाचा, मजुराच्या हातांचा सातबारा तुम्ही लिहा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं वही घेऊन यावं, एवढंच मागणं आहे.