कऱ्हेच्या खोऱ्यातला सायकलफेरा

सायकलवरून दोन-तीन दिवसांची भटकंती आखायला बसलेला माणूस बहुधा आधी आकडा ठरवतो. रोज ऐंशी किलोमीटर, नाहीतर सरळ शंभर. मग तेवढं अंतर भरेल असा रस्ता तो नकाशावर शोधू लागतो. वारीचा हिशेब याच्या उलट चालतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते आणि सासवडला येते, त्या दिवशी तीसेक किलोमीटरची चाल होते. मग सासवडला दोन मुक्काम पडतात. पुढे जेजुरी साधारण सतरा किलोमीटर आणि तिथून वाल्हं जेमतेम बारा. गाव, पाणी आणि रात्री पाठ टेकायची जागा आधी पक्की होते, अंतर त्यामागून येतं. सायकलनं गावोगाव फिरणाऱ्याला यापेक्षा चांगला वस्तुपाठ मिळणार नाही. पुरंदर, बारामती आणि दौंड या तीन तालुक्यांतून जाणारा एक मध्यम फेरा त्याच रीतीनं आखून पाहता येतो.

फेरा असा: पुणे, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, चौफुला, यवत, भुलेश्वर, पुन्हा सासवड आणि पुणे. एकूण अंतर एकशे सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतं. त्यासाठी तीन दिवस आणि दोन मुक्काम हवेत, पहिला मोरगावला आणि दुसरा सासवडला. अष्टविनायकांतला पहिला गणपती मोरगावचा, त्यामुळे तिथे यात्रेकरूंचा राबता कायम असतो आणि राहण्या-जेवणाची सोय होते. मात्र निघण्याआधी कॅलेंडर पाहायलाच हवं. जेजुरीला सोमवती अमावस्या किंवा चंपाषष्ठी असेल, मोरगावला भाद्रपद वा माघातली चतुर्थी असेल, तर रस्त्यावर सायकलला वाट मिळत नाही आणि गावात खोलीही मिळत नाही.

मध्यम म्हणजे किती, हे किलोमीटर सांगत नाहीत. ते चढ आणि वारा सांगतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आणि सासवड सुमारे 760 मीटरवर. म्हणजे पहिल्याच सकाळी दोनशे मीटरची चढाई समोर उभी राहते, आणि तीही जवळजवळ सगळी दिवे घाटात. सामान लादलेली सायकल असेल तर घाट पहाटे, वाहनं कमी असताना, हलक्या गिअरवर चढावा. सासवडनंतर रस्ता कऱ्हेच्या सोबतीनं खाली उतरत जातो. ही नदी पुरंदर तालुक्यातच गराड्याच्या बाजूला उगम पावते आणि बारामती तालुक्यात नीरेला मिळते. सासवडचे आचार्य अत्रे यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं, ती हीच कऱ्हा. मोरगावचं देऊळही तिच्याच काठी आहे. तेव्हा पहिला दिवस अंतरानं पासष्ट किलोमीटरचा असला, तरी घाट संपल्यावर तो अंगावर येत नाही.

वाऱ्याचा विचार फार थोडे जण करतात. या फेऱ्याचं सुरुवातीचं टोक पश्चिमेला आहे, म्हणून कुठल्याही अंगानं फिरलं तरी आधी पूर्वेकडे जाणं आणि मग पश्चिमेकडे परतणं ठरलेलंच. थंडीत सकाळचा वारा मंद आणि बरेचदा पूर्वेकडचा. तो जाताना थोडा अडवतो, पण तेव्हा पाय ताजे असतात आणि घाटानंतर रस्ता उताराचा असतो. जुलैत मात्र पश्चिमेचा जोरकस वारा परतीला छातीवर येतो, आणि परतीलाच चढ आहे. अंतर तेवढंच राहतं, पण फेरा मध्यम राहत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ म्हणूनच योग्य. सीताफळाच्या हंगामाची अखेर गाठली तर सासवडच्या बाजारात टोपल्या दिसतात. ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्या पुरंदरच्या अंजिराच्या बागाही याच भागात आहेत.

दुसरा दिवस या फेऱ्याचा गाभा. मोरगावहून उत्तरेला निघालं की सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. ते केवळ 5.14 चौरस किलोमीटरचं. जंगल शोधणाऱ्याला इथे काहीच नाही असं वाटेल, कारण हे गवताळ माळरान आहे आणि चिंकारा इथे राहतो तो या गवतामुळेच. अशा माळाला ओसाड म्हणून मोडीत काढण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. सायकलवरून तासभर त्याच्या कडेनं गेलेला माणूस तसं पुन्हा म्हणणार नाही.

सुपे गावात थांबावं. 12 मे 1875 रोजी इथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं आणि दुकानं गाठली, कर्जाचे रोखे आणि खातेवह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. त्यातूनच सरकारी चौकशी झाली आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेली ही घटना कुठल्या मातीत घडली, ते पाहायला सुप्याची कोरडवाहू शेतं ओलांडून जावं लागतं. चारचाकीच्या बंद काचेतून ती दिसत नाहीत.

चौफुला ते यवत हा बारा-एक किलोमीटरचा तुकडा सोलापूर महामार्गाचा आहे. तो टाळता येत नाही. डाव्या कडेनं, दिवसाउजेडी, पाठीमागे लाल दिवा चालू ठेवून तो पार करावा. यवत हे तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. म्हणजे सायकलस्वार दोन दिवसांत दोन्ही पालखीमार्गांना स्पर्श करून येतो. अंगात त्राण नसेल तर यवतला रेल्वे स्टेशन आहे. पुणे-दौंड मार्गावरचं हे स्टेशन योजनेत आधीपासून लिहून ठेवावं. माघारीची वाट ठाऊक असली की माणूस पुढे निर्धास्त जातो.

यवतहून भुलेश्वरचा चढ दुपारच्या उन्हात घेऊ नये. वर यादवकालीन शिवमंदिर आहे, काळ्या दगडावर बारीक कोरीव काम आहे आणि गणेशाचं स्त्रीरूपही इथे पाहायला मिळतं. अनेक मूर्ती भंगलेल्या आहेत. भोवतीचा दौलतमंगळ किल्ला आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं बांधला. तिथून माळशिरसमार्गे सासवडपर्यंत चढ-उतार चालूच राहतात आणि मोठी हॉटेलं नाहीत, म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या देवळापाशीच भरून घ्याव्यात. या भागात बाभळीचे काटे आणि सराटे टायरला सोडत नाहीत. दोन जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायचे लिव्हर पिशवीत अगदी वर ठेवावेत.

तिसऱ्या दिवशी उरतो फक्त दिवे घाटाचा उतार. सामानाच्या वजनानं सायकल आपोआप वेग घेते, म्हणून ब्रेकचे पॅड सासवडलाच तपासावेत आणि वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. पालखीमार्गाच्या रुंदीकरणामुळे खडी आणि वळवलेले रस्ते भेटू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी सासवडमध्येच कोणाला तरी घाटाची आजची स्थिती विचारावी. घाटाच्या पायथ्याशी वडकीला मस्तानी तलाव आहे. सकाळी लवकर सासवड सोडलं तर तिथे थांबायला पुरेसा वेळ मिळतो, आणि हडपसरची गर्दी सुरू होण्याआधी शहरात शिरता येतं.